फुकटातला सी-फेसिंग फ्लॅट

११ डिसेंबर २००८ रोजी सोनी कंपनीनं प्लेस्टेशन थ्रीच्या मालकांना एकेक घर देऊ केलं. भाडं नाही, डिपॉझिट नाही, पागडी नाही. खोलीला मोठी काच आणि काचेबाहेर पाणीच पाणी. घराचं नाव 'हार्बर स्टुडिओ', आणि ज्या वसाहतीत ते होतं तिचं नाव 'प्लेस्टेशन होम'. दार उघडून बाहेर पडलं की चौक, चौकाच्या आसपास मॉल, सिनेमागृह, बोलिंगचा अड्डा. तिथे फिरायचं ते आपण स्वतः घडवलेल्या बाहुलीच्या रूपात. समोरून येणारी बाहुलीही कोणीतरी खरा माणूसच असायचा, लंडनमधला नाहीतर माद्रिदमधला, आपल्यासारखाच हातात कंट्रोलर धरून बसलेला.

मुंबईत २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. मॉलच्या दारात पिशव्या उघडून दाखवाव्या लागत होत्या आणि मुलं गर्दीत जायला निघाली की आईबापांचा जीव खालीवर होत होता. घर न सोडता गर्दीत मिसळण्याची सोय याहून योग्य वेळी आली नसती. शिवाय मुंबईत समुद्राकाठचा फ्लॅट, तोही फुकट! तरीही अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ही बातमी आली तशी विरून गेली. होमची दारं ३१ मार्च २०१५ रोजी कायमची बंद झाली, तेव्हाही इथे कोणी फारसं हळहळलं नाही.

याच पट्ट्यातल्या मुलांनी त्या काळात ऑनलाइन जमण्याची स्वतःची जागा मात्र उभी केली. तिला खिडकी नव्हती, समुद्र नव्हता, दिसण्यासारखं काहीच नव्हतं; होते ते नुसते आवाज. सोनीला वाटलं, गेम खेळणाऱ्यांना हिंडायला नगर हवं. उपनगरातल्या पोराला नगराची टंचाई नव्हती. त्याला टंचाई होती ती चार मित्रांनी बसायच्या खोलीची.

ही टंचाई समजून घ्यायची तर पार्लरपासून सुरुवात करावी लागते. नव्वदच्या दशकात स्टेशनजवळच्या गल्लीत, दोन दुकानांच्या मधल्या बोळात किंवा एखाद्या तळघरात उभ्या मशिनी असायच्या. नाणं किंवा टोकन टाकायचं आणि जॉयस्टिक धरायची. कॅपकॉम कंपनीचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा गेम त्याच्या खऱ्या नावानं इथे कोणी ओळखत नसे. त्यातल्या मुस्तफा नावाच्या पात्रावरून अख्खा गेमच 'मुस्तफा' झाला. घरी ज्यांच्याकडे काही असे त्यांच्याकडे निन्टेंडोची नक्कल करणारा आठ बिटांचा डबा असे आणि त्यात खुपसायची ती 'कॅसेट'. एका कॅसेटमध्ये लाखो गेम असल्याचं वरच्या कागदावर छापलेलं असे. प्रत्यक्षात दहा-बाराच गेम आलटून पालटून येत. कॅसेट दिवसाच्या भाड्यानं मिळे. भाड्याची कॅसेट आली की तिच्याबरोबर मजल्यावरची पोरंही घरात येत.

दशकाच्या शेवटी मशिनींच्या जागी टीव्ही आणि प्लेस्टेशन आले, आणि त्यांच्याबरोबर 'टेकन थ्री'. दर तासावर लागू लागला. पार्लरचा कायदा एकच होता: हरला तो उठला. पाच जणांत दोन कंट्रोलर, म्हणजे तिघं कायम उभे. पण उभे असलेले नुसते बघे नव्हते. ते सल्ले देत, टोमणे मारत, पुढच्या पाळीवर पैजा लावत. खेळण्यापेक्षा उभं राहण्यातच जास्त वेळ जाई आणि तो वाया गेला असं कोणाला वाटत नसे. गेम पार्लर ही उपनगरातल्या मुलांची बैठकीची खोली होती. फक्त तिचं भाडं तासावर होतं. पोरं क्लास बुडवून तिथे बसतात, ही आईबापांची तक्रार खरी होती. पण ती दुसरीकडे कुठे बसणार होती? २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत मुंबईतली निम्म्याहून अधिक कुटुंबं एका खोलीत राहत असल्याची नोंद आहे. एका खोलीत चार मित्र बसवायचे तर आधी आजी, धाकटी बहीण आणि शिवणाचं मशीन कुठे न्यायचं ते ठरवावं लागतं.

या खोलीत मुलींना जागा नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. कोणी पाटी लावली नव्हती, पण तशी गरजही नव्हती. पार्लरच्या आठवणींवर जो गोड लेप चढवला जातो, तो पुरुषांनीच चढवलेला आहे.

आता यंत्रांकडे येऊ. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आणला, किंमत २३,९९० रुपये, आणि जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. सोनीचा प्लेस्टेशन थ्री २७ एप्रिल २००७ रोजी आला, ३९,९९० रुपयांना. तेव्हा तेवढ्या पैशांत चांगल्यापैकी मोटरसायकल येत असे, आणि घरातला निर्णय बहुतेक वेळा मोटरसायकलच्या बाजूनं लागे. त्यामुळे उपनगरातला खरा राजा होता प्लेस्टेशन टू, तोही बहुधा चिप बसवलेला. इर्ल्याच्या अल्फातून, मनीष मार्केटमधून किंवा लॅमिंग्टन रोडवरून यंत्र आणायचं, ओळखीच्या माणसाकडून आत चिप बसवून घ्यायची, आणि मग स्टेशनबाहेर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या नकली डिस्क आयुष्यभर चालवायच्या. प्लेस्टेशन टू इथे इतका टिकला की २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सनं 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला तो याच यंत्रासाठी, म्हणजे जगात दहा वर्षं जुन्या झालेल्या यंत्रासाठी. धंद्याच्या हिशेबानं ते अगदी बरोबर होतं. गल्लीतलं क्रिकेट खेळणारा गिऱ्हाईक त्याच यंत्रापुढे बसलेला होता.

चिपच्या या संस्कृतीचा ऑनलाइन जगाशी असलेला संबंध सहसा ध्यानात घेतला जात नाही. नकली डिस्क चालवणारं यंत्र इंटरनेटला जोडणं म्हणजे स्वतः होऊन चौकीत जाणं. एक्सबॉक्स ३६०ची यंत्रंही इथे नकली डिस्क चालाव्यात म्हणून सर्रास 'फ्लॅश' करून विकली जात. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशी जगभरातली लाखो यंत्रं आपल्या ऑनलाइन सेवेतून एका झटक्यात हाकलली. त्यानंतर फ्लॅशवाल्यांनी नेटची वायर यंत्राजवळही येऊ दिली नाही. ऑनलाइन जायचं तर खरी डिस्क हवी, खरी डिस्क दोन-अडीच हजारांची, आणि ती परवडायची तर एकानं घेऊन चौघांत फिरवायची. पण ऑनलाइन एकत्र खेळायचं तर चौघांकडे एकाच वेळी चार डिस्क हव्यात. पार्लरमध्ये एका डिस्कवर पाच जण खेळत होते. 'सगळ्यांना जोडणारं' म्हणून जाहिरात झालेलं तंत्रज्ञान इथे आधी खर्च पाचपट करत आलं.

आणि वायर तरी कसली होती! सरकारच्या २००४च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या सेकंदाला २५६ किलोबिट अशी ठरली. पुढच्या जानेवारीत एमटीएनएलनं मुंबईत ट्रायबँड सुरू केलं. पश्चिम उपनगरांत हॅथवेचं केबल इंटरनेट होतं, आणि गल्लोगल्ली टीव्हीच्या केबलवाल्यानंच नेटही द्यायला घेतलं होतं. गच्चीवरून गच्चीवर निळ्या-करड्या वायरी गेल्या. पाण्याच्या टाकीखाली, प्लास्टिकच्या डब्यात किंवा चक्क प्लास्टिकच्या पिशवीत स्विच ठेवलेले असत. पहिल्या पावसात एक स्विच जळे आणि तीन इमारती अंधारात जात. अंधार नेटचा, विजेचा नव्हे. विजेचा अंधार मुलुंडच्या वाट्याला. मुलुंड-भांडुप मुंबई महापालिकेत असले तरी तिथली वीज महावितरणची, त्यामुळे राज्यातल्या भारनियमनाची झळ त्यांना बसे, आणि अंधेरीचा गडी ऐन सामन्यात मुलुंडच्या गड्याला शिव्या घालत बसे.

जानेवारी २००७ पासून एमटीएनएल आणि बीएसएनएलनं दोन मेगाबिटपर्यंतचा वेग द्यायला सुरुवात केली. आनंद व्हावा अशी बातमी, पण महिन्याची मर्यादा तशीच राहिली. स्वस्त प्लॅनमध्ये ती काहीशे एमबी किंवा फार तर एक जीबी. दोन मेगाबिटच्या वेगानं एक जीबी सव्वा तासाच्या आत संपतो. वेग वाढला म्हणजे बिल लवकर येऊ लागलं, एवढंच.

वर्सोव्याचा किनारा अंधेरीकरांच्या रोजच्या फिरण्यातला. त्याच किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या आंतरराष्ट्रीय केबल जमिनीवर चढतात. म्हणजे जगाचं इंटरनेट अंधेरीच्या दारातच येऊन लागतं. तरी अंधेरीत बसून खेळणाऱ्याला त्याचा फायदा नव्हता, कारण सामना ज्या सर्व्हरवर चाले तो सिंगापूरला नाहीतर युरोपात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निरोप जाऊन परत यायला निसर्गनियमानंच चाळीस मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात साठ ते शंभर लागत आणि युरोपसाठी त्याच्या दुप्पट. सेकंदाचा पाचवा हिस्सा ही नगण्य गोष्ट वाटते, पण 'कॉल ऑफ ड्युटी'त आपण भिंतीआड पोचल्यावरही समोरच्याच्या पडद्यावर आपण अजून उघड्यावर उभे असतो, आणि तो गोळी घालून मोकळा होतो. एक काळ तर असा होता की मुलुंड ते अंधेरी हा निरोपही, दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील तर, परदेशात जाऊन परत येई. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली आणि हा द्राविडी प्राणायाम हळूहळू कमी झाला. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या तेव्हा भारताची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेली होती. इजिप्तच्या समुद्रात झालेली भानगड घाटकोपरच्या घरात बसून कळण्याचे ते दिवस होते.

अशा वायरीवरून होममध्ये शिरून पाहू. फिल हॅरिसन या सोनीच्या अधिकाऱ्यानं मार्च २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याची घोषणा केली होती. बांधकाम सोनीच्या लंडन स्टुडिओचं. सुरुवातीलाच ते हार्ड डिस्कवरची तीन जीबी जागा अडवून बसे. त्यातली प्रत्येक जागा, म्हणजे चौक, मॉल, सिनेमागृह, पहिल्यांदा शिरण्याआधी वेगळी डाउनलोड करावी लागे. एक जागा पन्नास एमबीची धरली तर २५६ किलोबिटच्या लाइनवर दार उघडायला सव्वीस-सत्तावीस मिनिटं. अशी वीस दारं उघडली की महिन्याचं नेट संपलं. सत्तावीस मिनिटांत बोरिवलीहून फास्ट लोकलनं अंधेरीच्या पुढे जाऊन खऱ्या मॉलमध्ये पोचता येतं.

आत गेल्यावर काय? बोलिंगची लेन भरलेली आणि आर्केडच्या मशिनीवर कोणीतरी आधीच खेळत असलेलं, आपण थांबायचं. संगणकाच्या आत लेन हव्या तितक्या काढता आल्या असत्या, पण सोनीनं खरेपणासाठी मोजक्याच ठेवल्या होत्या. त्यावर परदेशातही बरीच थट्टा झाली. आपल्याकडच्या माणसाला रांगेचं एवढं कौतुक नसतं. फ्लॅटमध्ये ठेवायच्या खुर्च्या, बाहुलीचे कपडे, याहून मोठा फ्लॅट हे सगळं खऱ्या पैशांत विकत घ्यायचं. पण इथलं डेबिट कार्ड तिथे चालत नसे आणि क्रेडिट कार्ड वडिलांचं. बाहुलीला जाकीट घ्यायचं म्हणून वडिलांकडे कार्ड मागणारा मुलगा मला कधी भेटला नाही.

होमच्या बाजूनं एक सांगायला हवं. ती कल्पना हास्यास्पद नव्हती. पाश्चात्त्य उपनगरात, जिथे शेजारी दिसत नाही आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, तिथे चौकाची भूक खरी होती. पुढे करोनाच्या काळात 'फोर्टनाइट'मध्ये भरलेल्या संगीताच्या जलशांना कोटींच्या घरात माणसं जमली, त्याची बीजं होमच्या सिनेमागृहात सापडतील. पण घाटकोपर स्टेशनच्या पुलावरून रोज संध्याकाळी उतरणाऱ्या माणसाला अनोळखी माणसांनी भरलेला चौक भेट म्हणून देणं, ही भेटवस्तूची निवडच चुकली होती.

होमच्या तीन आठवडे आधी, १९ नोव्हेंबर २००८ रोजी, मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्सचा पडदा बदलला. त्यात बाहुल्या त्यांनीही आणल्या, जाहिरातही बाहुल्यांचीच झाली. पण त्याच अपडेटमध्ये 'पार्टी' नावाची एक सोय गुपचूप आली. आठ जण एकत्र बोलू शकतात, मग कोणी कुठलाही गेम खेळत असो, कोणी सिनेमा बघत असो, कोणी काहीच करत नसो. माझ्या मते या क्षेत्रातला त्या दशकाचा सर्वांत मोठा शोध हाच. कारण यात पार्लरमधल्या उभ्या असलेल्या तिघांना पहिल्यांदा जागा मिळाली. न खेळता नुसतं हजर राहणं, ही आपल्या अड्ड्याची निम्मी गंमत असते, आणि ती यंत्रात आणणारं हे पहिलं कन्सोल.

पंचाईत अशी की आपल्याकडे ऑनलाइन जाणाऱ्यांत प्लेस्टेशन थ्रीवालेच अधिक, कारण तिथे ऑनलाइन खेळणं फुकट होतं आणि एक्सबॉक्सला वर्गणी पडे. प्लेस्टेशन थ्रीवर वेगवेगळे गेम खेळणाऱ्यांना एकत्र बोलण्याची सोय शेवटपर्यंत आली नाही. यंत्राची मेमरी पुरत नाही, असं कारण दिलं गेलं. इथल्या पोरांनी ते कारण ऐकून घेतलं आणि मोबाइल काढला. एक कान फोनला, फोन खांद्यात धरलेला, मान वाकडी, आणि दोन्ही हात कंट्रोलरवर. चौघांची पार्टी करायची तर कॉन्फरन्स कॉल. ज्याचा टॉकटाइम शिल्लक, तो यजमान.

वेळ रात्री अकरानंतरची. त्याला कारणं दोन, आणि ती एकमेकांना चपखल बसली. एक म्हणजे घरातला टीव्ही तोवर मालिकांच्या ताब्यात. 'चार दिवस सासूचे' संपल्याशिवाय कोणाची टाप होती चॅनल बदलायची? दुसरं म्हणजे नेटचे 'नाइट अनलिमिटेड' प्लॅन मध्यरात्रीच्या पुढेच सुटत. तेव्हा घर झोपलेलं, टीव्हीचा आवाज शून्य, आणि जमिनीवर झोपलेल्या बापाच्या पायाशी बसून मुलगा कुजबुजतोय, "मागे बघ, मागे बघ." परदेशी खेळाडूंना भारतीय पोरांचं कुजबुजणं विचित्र वाटत असणार. त्यांच्याकडे ओरडायला स्वतंत्र खोल्या होत्या. भाषा मुंबईची, म्हणजे शिवी हिंदी, हिशेब गुजराती, सल्ला मराठी. न्यू जर्सीचा मावसभाऊ असेल तर त्याची दुपार चालू असे आणि तो एकटाच मोठ्यानं बोलू शके.

आणि मग 'टाइप थ्री'. त्या काळात कन्सोलवर ऑनलाइन खेळलेल्या कोणालाही हे दोन शब्द ऐकवून पाहा. चेहरा कडू होतो. केबलवाल्याकडे इंटरनेटचा खरा पत्ता एखादाच असे आणि त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं. पाकिटावर इमारतीचं नाव आहे पण खोली नंबर नाही, आणि वॉचमन म्हणतो, आत कोणाला देऊ? तसं ते होतं. तुम्ही बाहेर पत्र पाठवू शकता, पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. सोनीचं यंत्र जोडणी तपासून 'नॅट टाइप' सांगे: एक, दोन किंवा तीन. तीन म्हणजे भोग. दोघंही टाइप थ्री असतील तर त्यांना एकमेकांचा आवाज येत नसे, पण दोघांनाही तिसऱ्याचा येई. शेजारशेजारच्या इमारतींतले, एकाच केबलवाल्याचे दोन मित्र दुबईच्या माणसाशी खणखणीत बोलत आणि एकमेकांना मात्र मुके! मग तो दुबईवाला मध्यस्थी करे: "तो म्हणतोय, छतावर ये." शेवटी खिडकीतून हाक मारली जाई.

यातून उपनगरी मुलांची एक पिढी नेटवर्किंग शिकली, तीही कुठल्याही क्लासशिवाय. राउटरच्या पानात शिरून पोर्ट उघडणं, यंत्राला डीएमझेडमध्ये टाकणं, केबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन स्वतःच्या खऱ्या पत्त्यासाठी, म्हणजे स्टॅटिक आयपीसाठी हुज्जत घालणं. तिथला माणूस विचारे, आयपी कशाला पाहिजे, कॅमेरे लावलेत का दुकानात? गेम खेळायला म्हटलं की तो वरपासून खालपर्यंत बघे आणि महिन्याचे जादा पैसे सांगे.

२० एप्रिल २०११ रोजी सोनीनं आपलं सगळं जाळंच बंद केलं. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली होती. जाळं मेच्या मध्यापासून टप्प्याटप्प्यानं परत सुरू झालं. जगानं त्यावर सुरक्षिततेची चर्चा केली. इथे दुःख वेगळं होतं: परीक्षा नुकत्याच संपलेल्या, उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, आणि वानखेडेवरचा विश्वचषक जिंकून तीन आठवडेही झाले नव्हते. त्या सुट्टीत पार्लरना पुन्हा बरे दिवस आले असतील तर नवल नाही. तेव्हा ती काही सगळीच बंद पडली नव्हती.

६ जानेवारी २०१४ ला प्लेस्टेशन फोर आला, पुन्हा ३९,९९० रुपयांना. पण सात वर्षांत पगार बदलले होते, हप्ते सोपे झाले होते, आणि मालाड-अंधेरीच्या मॉलमधल्या गेमच्या दुकानांत जुनी डिस्क देऊन नवी घेण्याची पद्धत रुळली होती. या यंत्रात आठ जणांची पार्टी आली. ऑनलाइन खेळायला आता वर्गणी भरावी लागणार होती, तरी ती भरली गेली. बोलण्यासाठी पैसे मोजायला माणूस तयार होतो, खुर्चीच्या चित्रासाठी होत नाही. कार्डाचं रडगाणं टळावं म्हणून दुकानातून रोख पैसे देऊन कोडचं कार्ड आणायचं, हा उपाय सर्वमान्य झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांचे नवे नियम लागू झाल्यावर अनेक वर्गण्या अडखळल्या, तेव्हा या कोडवाल्यांना फरक पडला नाही.

ऑक्टोबर २०१४च्या अपडेटमध्ये 'शेअर प्ले' आला. त्याची आठवण आता कोणी काढत नाही, पण तो पार्लरच्या कायद्याचा तंतोतंत अनुवाद होता. माझ्या यंत्रात डिस्क आहे, तुझ्याकडे नाही. तरी तासभर तुझ्या घरी बसून माझा गेम तू खेळ. कंट्रोलर हातातून हातात द्यावा तसा वायरीतून दिला जाई. अट एवढीच की देणाऱ्याची अपलोडची लाइन दोन मेगाबिटच्या आसपास तरी हवी. तेव्हा डाउनलोडचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असत आणि अपलोडचे कुठेच नसत. बहुतेकांचा शेअर प्ले चार-पाच ढेकळं दाखवून थिजून जाई. कल्पना योग्य, वायर पाच वर्षं मागे.

वायर सुधारली ती २०१६ नंतर. सप्टेंबरमध्ये जिओ आला आणि डेटाचे भाव कोसळले; घरोघरची फायबर दोन-तीन वर्षांत आली. पण त्याचा पहिला लाभार्थी कन्सोल नव्हता. २०१८ मध्ये मोबाइलवर पब्जी हा गेम आला आणि ज्याच्या घरी कधी कन्सोल येणार नव्हता त्यालाही चौघांची बोलती खोली मिळाली. चाळीच्या जिन्यात, रिक्षा स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रानं त्यावर बंदी घातली तोवर उपनगरातल्या पोरांना हेडफोन लावून एकमेकांशी बोलताना पाहण्याची सगळ्यांना सवय झाली होती. संख्येनं पाहिलं तर कन्सोलची ही सगळी कथा त्यापुढे किरकोळ आहे. पण पब्जीत शिरताना काय करायचं, कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे शिकवणारे मोठे भाऊ बहुतेकदा टाइप थ्रीशी लढून आलेले होते.

मुलींचं काय झालं? आवाजाच्या खोलीत पाटी नव्हती आणि दारात उभे राहणारे टोळभैरवही नव्हते, तेव्हा दार उघडायला हवं होतं. अर्धवट उघडलं. अनोळखी लॉबीत तोंड उघडलं की पुढचा अर्धा तास खेळ बाजूला राहतो, हे कळल्यावर अनेकींनी माइक बंद ठेवून खेळण्याची सवय लावून घेतली. जिथे सगळं आवाजावर चालतं तिथे गप्प राहून खेळावं लागणं, म्हणजे पार्लरची जुनी मर्यादा नव्या घरात सामानासकट आली.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत मात्र ही बिनखिडकीची खोली कसाला लागली आणि उतरली. इमारती सील झाल्या, लोकल थांबल्या. बोरिवलीहून मुलुंडला जाणं जवळपास अशक्य झालं. 'वॉरझोन' हा गेम त्याच महिन्यात, १० मार्चला, फुकट मिळू लागला होता. पार्ट्या संध्याकाळी सात वाजता उघडत आणि दोनला मिटत. तिशी ओलांडलेली, लग्न झालेली, कित्येक वर्षं कंट्रोलर न धरलेली माणसं परत आली. खेळ नावाला, कोणाच्या सोसायटीत रुग्ण सापडला, कुठल्या रुग्णालयात खाट आहे, कोणाला रक्त हवंय, हे सगळं त्याच हेडसेटवरून. पुढे २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन फाइव्ह भारतात आला तेव्हा आगाऊ नोंदणी काही मिनिटांतच संपली होती. २०२३ पासून त्यावर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचं बोलणंही थेट ऐकता येऊ लागलं आणि कन्सोलच्या पार्टीत मोबाइलवाला, संगणकवाला असे सगळे एकत्र आले. कॉन्फरन्स कॉलच्या काळात पोरांनी मान वाकडी करून जे साधलं होतं, ते कंपन्यांना जमायला पंधरा वर्षं लागली.

या साऱ्याची कागदोपत्री नोंद जवळजवळ नाही. होमच्या चाहत्यांनी परदेशात त्याचे तुकडे जपले आहेत, चित्रफिती आहेत, बंद पडलेले चौक पुन्हा उभे करण्याची खटपट चालू आहे. आवाजाच्या खोलीचं काहीच उरत नाही. बोलणं संपलं की ती खोली नव्हतीच. आपल्या पार्लरांचे तर फोटोही दुर्मीळ, कारण तेव्हा पोरांच्या खिशात कॅमेरे नव्हते. तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात जुनं प्लेस्टेशन थ्री किंवा एक्सबॉक्स ३६० असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा टीव्हीला जोडा. त्यातली मित्रांची यादी आणि जुने निरोप अजून दिसत असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. पार्लरचा दरफलक, कॅसेटच्या भाड्याची वही, केबलवाल्याची स्टॅटिक आयपीची पावती सापडली तर तीही फेकू नका. उपनगरांच्या इतिहासाची दप्तरं कोणी तरी, केव्हा तरी लावायला घेईल, तेव्हा त्याला हे कागद लागतील.